शेजारचं कुत्रं अंगावर येतं तेव्हा

सकाळी दूध आणायला निघालेली बाई त्या घरापाशी आली की रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जाते. पेपर टाकणारा पोरगा सायकल न थांबवताच पेपर भिरकावतो. शाळेची रिक्षा दोन घरं अलीकडेच उभी राहते. आपल्या बेळगावच्या सीमाभागात शहापूर असो, अनगोळ असो, निपाणीतली एखादी गल्ली असो नाहीतर येळ्ळूरसारखं गाव, असं एखादं घर सापडतंच. एका कुत्र्याच्या भीतीनं सगळी गल्ली आपली चाल बदलते आणि ज्याचं कुत्रं आहे त्याला मात्र काहीच बदलावं लागत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काही करत नाही हो ते, नुसतं भुंकतं."

अशा वेळी लोक वर्षानुवर्षं गप्प बसतात, कारण शेजार आहे, उद्या लग्नकार्यात एकाच पंगतीला बसायचं आहे. मग एक दिवस कुत्रं कुणाला तरी चावतं आणि एकदम शिवीगाळ, दगडफेक, पोलिस. या दोन टोकांच्या मधे करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते चावण्याच्या आधीच करायचं असतं. कायदाही चावण्याची वाट बघा असं म्हणत नाही. हे फार थोड्यांना माहीत असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी करू. हा लेख पाळलेल्या कुत्र्याबद्दल आहे. रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांसाठी 2023 चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत आणि त्यांची नसबंदी, लसीकरण ही नगरपालिका-पंचायतीची कामं आहेत. पण कुत्रं कुणाच्या तरी दारात राहत असेल, त्याच घरचं जेवण खात असेल, त्याच्या गळ्यात पट्टा असेल, तर "ते आमचं नाही, असंच येऊन बसतं" एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत. कायद्यातला शब्द 'मालकी' नाही, 'ताबा' आहे. कुत्रं ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची.

कुत्रं असं का वागतं

पाळीव कुत्रं अंगावर येतं त्यामागं बहुतेक वेळा भीती असते, नाहीतर हद्द राखण्याची सवय. दिवसभर तीन-चार हाताच्या साखळीला बांधलेल्या कुत्र्याचा विचार करा. अनोळखी माणूस जवळ आला तर मोकळं कुत्रं लांब सरकू शकतं. बांधलेल्याला ती सोय नसते. मग ते दात दाखवतं, झेप घेतं आणि साखळीचा हिसका गळ्याला बसतो. माणूस दिसला की गळा आवळतो, हेच ते रोज शिकत राहतं. असं कुत्रं एखाद्या दिवशी पट्ट्यातून निसटलं की काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

फाटकाआड मोकळं असलेल्या कुत्र्याची गोष्ट थोडी निराळी. पोस्टमन येतो, कुत्रं भुंकतं, पोस्टमन पत्र टाकून निघून जातो. पोस्टमन जाणारच होता, पण कुत्र्याला वाटतं की आपण त्याला हाकललं. गॅसवाला, मीटर बघणारा, शाळेतून येणारी पोरं, सगळे येतात आणि जातात, आणि दर वेळी कुत्र्याची खात्री वाढते की भुंकलं, धावलं की माणूस पळतो. म्हणूनच ज्या दिवशी फाटक उघडं राहतं त्या दिवशी ते पाठलाग करतं. पळणाऱ्याच्या आणि गाडीच्या मागं तर जास्तच.

आपल्या भागात मुधोळ कुत्री पाळायची हौस बरीच आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही जात. 2005 साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण हे शिकारी कुत्रं नजरेनं सावज हेरतं आणि त्याच्यामागं सुसाट सुटतं. त्याला रोज मोकळं धावणं लागतं. गच्चीवरच्या जिन्याखाली बांधून ठेवलेलं मुधोळ चिडकं होतं, त्यात कुत्र्याचा दोष काय? रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, अगदी गावठी कुत्रं, सगळ्यांना हेच लागू आहे. म्हणून जातीवर तक्रार करू नका. केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये काही जातींवर बंदी घालायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते 10 एप्रिल 2024 रोजी रद्द केलं. त्यामुळे "ही जात ठेवताच येत नाही" असा तक्रारीचा पाया असेल तर तो टिकत नाही. तक्रार करायची ती वागणुकीची आणि मालकाच्या हलगर्जीपणाची.

आणखी एक गैरसमज मालकांच्या डोक्यातून काढला पाहिजे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारलं की ते गुरगुरणं सोडतं, पण भीती तशीच राहते. पुढच्या वेळी ते इशारा न देता चावतं. गुरगुरणं हा इशारा आहे, तो टिकलेला बरा. शेपटी हलते म्हणजे कुत्रं खूश आहे, हेही दर वेळी खरं नसतं. अंग ताठ, कान मागं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय आणि शेपटी उंच, आखडून हलतेय, तर लांब राहावं. नसबंदी केल्यानं नर कुत्र्याचं घरातून पळून भटकणं आणि दुसऱ्या कुत्र्यांशी भांडणं कमी होतं. भीतीपोटी चावणाऱ्या कुत्र्याला मात्र तेवढं पुरत नाही. आजवर शांत असलेलं कुत्रं अचानक चावू लागलं तर कान, दात, सांधे यांचं दुखणं आहे का, हे आधी पशुवैद्याकडून तपासून घ्यावं लागतं.

दिवसभर बांधून ठेवणं हा मालकाचा खासगी प्रश्न आहे, असंही नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 मध्ये अवाजवी आखूड साखळीला अवाजवी वेळ बांधणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं, हाही त्याच कलमात आहे. गल्लीची सुरक्षा आणि कुत्र्याचं भलं या दोन्ही गोष्टी इथं एकाच बाजूला आहेत, आणि मालकाशी बोलताना ही बाजू फार उपयोगी पडते.

बोलायला जाताना

चिडलेलं असताना जाऊ नका आणि कुत्रं अंगावर आलं त्याच मिनिटाला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, घरातलं कर्तं माणूस असेल तेव्हा जा. दारात उभं राहून चार लोकांसमोर बोललात की मालकाला आपली बाजू लढवावी लागते, म्हणून आत बसून बोला. एकटे जाऊ नका, पण दहाजणांचा घोळकाही नको. गल्लीतली एखादी वडीलधारी बाई बरोबर असली की आवाज आपोआप खाली राहतात.

"तुमचं कुत्रं डेंजर आहे" असं म्हणालात की समोरचा "नाही" म्हणणार. त्यापेक्षा घडलेलं सांगा आणि नेमकं एक काम मागा. उदाहरणार्थ, "मामा, मंगळवारी सहाच्या सुमाराला टायगर फाटकातनं बाहेर आला आणि आमच्या पोरीच्या ओढणीला धरून ओढलं. पोरगी ट्यूशनला जायला तयार नाही आता. फाटकाची खालची कडी बसत नाही, ती तेवढी या आठवड्यात करून घ्याल का? गवंडी, वेल्डर काय लागला तर मी सांगतो." यात दोष कुत्र्याला दिलेला नाही, मालकालाही नाही. कडी बसत नाही एवढंच आहे, आणि ते कुणालाही नाकारता येत नाही.

आता फाटकाकडे नीट बघू, कारण बऱ्याच घटना तिथंच टाळता येतात. जुन्या घरांची लोखंडी फाटकं झिजून खाली बसलेली असतात. वरचा कोयंडा लागतो, पण खालचं टोक हातभर आत-बाहेर हलतं. जोर लावणारं कुत्रं डोकं घालून त्या फटीतून निघतं. उपाय म्हणजे खाली दुसरी कडी, जमिनीत पाइपचा तुकडा आणि त्यात उतरणारा गज. फाटकाच्या गजांमधून लहान पोराचा हात आत जात असेल तर आतून जाळी किंवा पत्रा मारायचा. पत्र्याचा आणखी एक फायदा आहे. रस्त्यावरचं दिसेनासं झालं की कुत्र्याचं फाटकावर झेपावणं बरंच कमी होतं. ढकललं की आपोआप मिटणारी स्प्रिंग लावली तर "पाहुणा आला आणि फाटक उघडं राहिलं" ही सबब उरत नाही. जागा असेल तर मुख्य दार आणि फाटक यांच्या मधे एक बुटकं आतलं फाटक सगळ्यात चांगलं.

फिरायला नेताना साधी चार-पाच फुटांची दोरी हवी, आणि ती कुत्र्याला आवरू शकणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात. दहा वर्षांच्या पोराच्या हातात रॉटवायलर देणं म्हणजे ते मोकळं सोडणंच. चावण्याचा इतिहास असेल तर तोंडाला पिंजऱ्यासारखी जाळी हवी, जिच्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी पट्ट्यानं तोंड करकचून बांधलं तर उन्हात कुत्र्याचा जीव घाबरा होतो. गणपतीत आणि दिवाळीत फटाक्यांनी घाबरलेली कुत्री साखळ्या तोडतात, म्हणून त्या दिवसांत कुत्रं घराच्या आतल्या खोलीत ठेवायला सांगा.

बोलून फरक पडला नाही तर आपल्याकडे गल्लीचे पंच आहेत, युवक मंडळ आहे, महिला मंडळ आहे. गणेशोत्सवाची वर्गणी ठरवणारी हीच माणसं अशा कामातही उपयोगी पडतात. त्यांच्यासमोर ठरलेलं दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर एवढं लक्षात ठेवा की सोसायटीला "कुत्रं पाळूच नका" असा ठराव करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसं स्पष्ट सांगतात. दोरी, स्वच्छता, लसीकरण यांचा आग्रह मात्र धरता येतो.

या सगळ्या काळात एका वहीत तारखा लिहीत चला. कधी, किती वाजता, कुठं, काय झालं, कुणी पाहिलं. मोबाइलवर उघड्या फाटकाचा, रस्त्यावर मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ काढा. नुसतं भुंकण्याचं या वहीत लिहू नका. रात्रीच्या भुंकण्याचा त्रास खरा आहे, पण कायद्यात त्याला फार तर सार्वजनिक उपद्रवाचं कलम लागेल, ज्यात दंड एक हजार रुपयांपर्यंतच आहे. भुंकण्याची तक्रार आणि धोक्याची तक्रार एकत्र केली की मोठी गोष्ट लहान होते.

अंगावर आलंच तर, आणि चावलंच तर

पळू नका. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, म्हणून पोरांकडून घरी दोन-चारदा करून घ्या. जागच्या जागी थांबायचं, अंग थोडं तिरकं करायचं, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, हात छातीशी घ्यायचे, ओरडायचं नाही. कुत्र्याचा जोर ओसरला की पाठ न फिरवता हळूहळू मागं सरकायचं. हातात पिशवी, छत्री, दप्तर असेल तर ते कुत्र्याच्या आणि आपल्या मधे धरायचं. सायकल असेल तर उतरून ती मधे घ्यायची. खाली पडलात तर अंगाचं मुटकुळं करायचं, पाय पोटाशी, हात मानेवर आणि कानांवर. लहान पोरांना चेहऱ्यावर आणि मानेवरच जास्त जखमा होतात, कारण त्यांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतं.

चावलं तर भांडायला नंतर जा, आधी नळाकडे जा. वाहत्या पाण्याखाली, अंगाच्या किंवा कपड्याच्या साबणानं जखम सलग पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून पंधरा मिनिटं. रेबीजच्या विषाणूचं आवरण साबणानं फुटतं, म्हणून या धुण्याला औषधाइतकीच किंमत आहे. हळद, चुना, तिखट, तेल, झाडपाला यातलं काही लावायचं नाही. त्यानं जखम चिघळते आणि विषाणू आतल्या भागात जायला वाव मिळतो. घट्ट पट्टी बांधू नये आणि शक्यतो टाकेही लगेच घालू नयेत.

मग थेट सरकारी दवाखाना. बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, तालुक्याला तालुका रुग्णालय, गावात प्राथमिक आरोग्य केंद्र. पोटात चौदा इंजेक्शनं द्यायचे ते दिवस केव्हाच गेले, पण ती भीती अजून लोकांच्या मनात आहे आणि तिच्यापायी माणसं दवाखाना टाळतात. आता लस दंडावर देतात. कातडीत देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. यातला पहिला दिवस 'शून्य' धरतात, त्यामुळे तारखा दवाखान्यातूनच कार्डावर लिहून घ्या. कातडी फाटून रक्त आलं असेल, किंवा आधीच्या उघड्या जखमेवर कुत्र्याची लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेतच आणखी एक औषध टोचावं लागतं, इम्युनोग्लोब्युलिन. लसीनं शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस जातात. तोवर विषाणूला जखमेतच रोखायचं काम हे औषध करतं. चेहरा, मान, बोटं यांवरच्या चाव्यात ते चुकवून चालतच नाही. तुमच्या केंद्रात नसेल तर कुठं आहे ते तिथंच विचारा आणि त्याच दिवशी तिथं जा.

"कुत्र्याला लस दिलेली आहे" हे मालकाचं म्हणणं ऐकून घ्या, पुस्तिकेचा फोटो काढा, पण तेवढ्यावर दवाखाना टाळू नका. कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचं असतं. दहा दिवसांत ते ठणठणीत राहिलं तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. म्हणूनच चावलेलं कुत्रं रागाच्या भरात मारून टाकणं किंवा लांब नेऊन सोडणं, दोन्ही आपल्याच मुळावर येतं. बघायला कुत्रंच उरत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या आधी मात्र हा रोग पूर्णपणे टाळता येतो. म्हशीला, शेळीला कुत्रं चावलं असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यांच्यासाठीही लस असते, तिथं त्याच दिवशी जावं.

केसपेपरवर "कुत्रा चावला" एवढंच लिहून घेऊ नका. पाळीव कुत्रं, कुणाचं, कुठं, किती वाजता, हे सगळं लिहायला सांगा. पुढं पोलिसांत किंवा कोर्टात हा कागद सगळ्यांत जास्त बोलतो.

कायदा काय म्हणतो

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम 291 या विषयाचं मुख्य कलम. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्यानं, माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम 289 होतं आणि दंड एक हजारापर्यंत होता.

यातला 'संभाव्य धोका' हा शब्द दोनदा वाचा. चावलेलं असायलाच हवं असं कलमात कुठंही नाही. कुत्रं वारंवार मोकळं सुटतं, माणसांच्या अंगावर जातं, मालकाला सांगूनही तो काही करत नाही, एवढ्यावर तक्रार उभी राहते. म्हणूनच ती वही, ते व्हिडिओ आणि मालकाशी झालेल्या बोलण्याची तारीख महत्त्वाची. फाटकावर "कुत्र्यापासून सावध राहा" अशी पाटी लावली म्हणजे मालक सुटला, असंही नाही. उलट आपलं कुत्रं धोकादायक आहे हे त्याला ठाऊक होतं, याकडेच ती पाटी बोट दाखवू शकते. प्रत्यक्ष दुखापत झाली तर कलम 125 सुद्धा लागू शकतं. त्यात गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

कलम 291 दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवता येतो, कोर्टाची परवानगी आणा असं ते सांगू शकत नाहीत. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टानं जिल्हा पोलिस प्रमुखांना पाठवता येते. बेळगाव शहरात पोलिस आयुक्तालय आहे, तिथं आयुक्त कार्यालयात. तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाता येतं. कुत्रं आत्ता या क्षणी रस्त्यावर मोकळं आहे आणि लोकांच्या अंगावर जातंय, तर 112.

सीमाभागात एक प्रश्न नेहमी येतो. राहायला बेळगावात आणि कुत्रं चावलं शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. किंवा निपाणीचा माणूस कागलला पाहुण्यांकडे गेला आणि तिथं चावलं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न पुढं पोलिसांनी सोडवायचा. लसीचंही तसंच आहे. पहिला डोस चंदगडला घेतला आणि उरलेले बेळगावात घेतले तरी चालतं, फक्त लस कातडीत दिली की स्नायूत, हे दाखवणारं कार्ड जवळ हवं.

दुसरी वाट फारशी कुणाला माहीत नाही, पण मला ती सगळ्यांत कामाची वाटते. नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याला धोकादायक प्राण्याबद्दल आदेश काढता येतो. तो बांधून ठेवा, कोंडून ठेवा, हलवा, असा आदेश मालकाला दिला जातो, किंवा हजर होऊन आपलं म्हणणं मांडायला सांगितलं जातं. यात कुणाला तुरुंगात पाठवायचं नसतं, धोका थांबवायचा असतो, आणि गल्लीला नेमकं तेच हवं असतं. अर्ज प्रांतांकडे किंवा तहसीलदारांकडे द्यायचा. एकट्यानं देण्यापेक्षा गल्लीतल्या सात-आठ घरांच्या सह्या असाव्यात.

त्याआधी किंवा त्याबरोबर महापालिका, नगरपालिका, गावात ग्रामपंचायतीचे पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी यांना एक अर्ज द्या. कॅम्पात राहणाऱ्यांनी कॅन्टोन्मेंट बोर्डाला. कुत्र्याची नोंदणी, रेबीजची लस यांची चौकशी करा, असं त्यात स्पष्ट मागा. कर्नाटक सरकारच्या 1902 या जनस्पंदन क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

विष घालण्याबद्दल

हे स्वतंत्रपणे लिहिणं भाग आहे, कारण शेतवाडीत आणि कधी गल्लीतही ही गोष्ट घडते. भजीत, मटणात काहीतरी घालून टाकतात आणि सकाळी कुत्रं मरून पडलेलं असतं. न्याय संहितेच्या कलम 325 प्रमाणे प्राणी मारणं, त्याला विष घालणं किंवा अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे नुसतं कुत्रं मोकळं सोडणाऱ्या शेजाऱ्याला कलम 291 खाली जास्तीत जास्त सहा महिने आणि विष घालणाऱ्या तुम्हाला पाच वर्षं. ज्याची तक्रार खरी होती तोच आरोपी होतो. शिवाय तो घास दुसऱ्या कुणाचं कुत्रं, एखादं मांजर, कोंबड्या, अगदी रांगणारं पोरही उचलू शकतं. आणि त्या मुक्या जनावराचा यात काय अपराध? त्याला तसं ठेवणारा माणूस निराळाच असतो. अंगावर झेपावलेल्या कुत्र्याला त्या क्षणी काठीनं परतवणं वेगळं आणि रात्री ठरवून विष टाकणं वेगळं.

अर्ज कसा लिहायचा

आपल्याकडे लोक इथंच अडतात. ठाण्यात आणि तहसीलदार कचेरीत कारभार कन्नडमध्ये, आणि आपल्या घरातल्या आई-आजींना लिहिता येतं ते मराठी. राज्यघटनेचं कलम 350 सांगतं की कुठल्याही गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. तेव्हा मराठी अर्ज घेत नाही असं कुणी म्हणालं तर नम्रपणे हे कलम सांगा. मात्र काम लवकर व्हावं असं वाटत असेल तर मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. हक्क सोडायचा नाही आणि अर्जही टेबलावर पडून राहू द्यायचा नाही. गल्लीत कन्नड शाळेत शिकलेली पोरं असतातच, त्यांच्याकडून लिहून घ्या. कुत्र्याच्या धोक्याला भाषेचा वाद चिकटू देऊ नका, मालक कानडी असो की मराठी. त्याच रस्त्यावरून दोघांचीही पोरं जातात.

अर्ज एका पानाचा पुरतो. मजकूर साधारण असा असावा:

"आमच्या गल्लीतील घर क्र. … येथील श्री. … यांच्या ताब्यातील कुत्रा दि. …, दि. … आणि दि. … रोजी फाटकातून मोकळा सुटून रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांच्या अंगावर गेला. दि. … रोजी आम्ही त्यांना प्रत्यक्ष भेटून फाटक दुरुस्त करण्याची व कुत्रा आवरण्याची विनंती केली. त्यानंतरही दि. … रोजी हाच प्रकार घडला. या रस्त्यावरून शाळकरी मुले व वृद्ध ये-जा करतात व त्यांच्या जिवाला धोका आहे. कुत्रा बंदिस्त ठेवण्याबाबत, बाहेर नेताना दोरी व तोंडाला जाळी लावण्याबाबत व रेबीज लसीचे प्रमाणपत्र सादर करण्याबाबत त्यांना आदेश व्हावा. सोबत छायाचित्रे व साक्षीदारांच्या सह्या जोडल्या आहेत."

"कुत्रा मारून टाकावा" असं लिहू नका. "आवरला जावा" असं लिहा. अधिकाऱ्याला जे करणं सोपं आहे तेच तो लवकर करतो. दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी यांची भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा करता येतो, पण त्याआधी तालुका कायदेविषयक सेवा समितीकडे जा. ती न्यायालयाच्या आवारातच असते. दावा दाखल करण्याआधीच तिथं दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड घडवता येते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. फोन क्रमांक 15100. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकं वजन असतं. तेव्हा तिथं नुसतं "यापुढे काळजी घेईन" यावर सही करू नका. दवाखान्याचा खर्च किती आणि कुठल्या तारखेपर्यंत, फाटकाचं काम कधी पुरं होणार, बाहेर नेताना जाळी आणि दोरी, दरवर्षी लसीचा दाखला, आणि यातलं काही मोडलं तर काय, हे एकेक ओळीत लिहून घ्या.